वाचकांचे प्रश्न : मित्रांनी निबंध वाचला, आता पुढे काय?

निबंध लिहून झाला की चार जणांना वाचायला द्या, असं सगळेच सांगतात. त्या चौघांनी वाचून परत दिल्यावर काय करायचं, तिथे मात्र सगळे गप्प. या महिन्यात खान्देशातून आलेल्या पत्रांपैकी बरीच याच अडचणीची आहेत. काही पत्रं लांबलचक होती, ती आटोपशीर करून छापली आहेत.

प्रश्न : आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी ‘माझ्या परिसरातलं पाणी’ या विषयावर १२०० शब्दांचा निबंध लिहिला आणि वर्गातल्या पाच जणांना दाखवला. त्यातला एक परिच्छेद असा : “आमच्याकडे केळीचे उत्पादन मोठ्या प्रमाणावर घेतले जाते. केळीला पाणी खूप लागते. ठिबक सिंचनामुळे पाण्याची बचत झाली आहे. तरीही विहिरींची पातळी दिवसेंदिवस खाली जात आहे. म्हणून शासनाने याकडे गांभीर्याने लक्ष देण्याची गरज आहे.” यावर एक म्हणतो, आकडेवारी टाक. दुसरा म्हणतो, आकडे नको, मनाला भिडेल असं लिही. तिसरी म्हणते, परिच्छेदच काढ, विषय भरकटतोय. चौथा म्हणतो, ठिबकबद्दल अजून लिही. पाचवी म्हणते, छान आहे, पण शेवट घाईत उरकलाय. ऐकू कोणाचं?
*– बी.ए. द्वितीय वर्षाचा विद्यार्थी, चोपडा*

उत्तर : पाच जणांनी पाच औषधं सुचवली, पण दुखतंय कुठे याबद्दल पाचही जणांचं एकमत आहे, हे तुमच्या लक्षात आलं का? पाचही बोटं त्याच परिच्छेदावर आहेत. वाचणाऱ्याला आपण कुठे अडखळलो ते बहुतेक वेळा बरोबर कळतं. का अडखळलो, हे त्याला नीट सांगता येत नाही. त्यामुळे तो जवळचा, ऐकलेला एखादा उपाय सांगून मोकळा होतो. ‘आकडेवारी टाक’ हा त्यातला सर्वात स्वस्त उपाय. म्हणून जागा त्यांच्याकडून घ्यायची आणि कारण स्वतः शोधायचं.

इथलं कारण तिसऱ्या आणि चौथ्या वाक्याच्या सांध्यात आहे. ठिबकनं पाणी वाचलं, असं तुम्ही म्हणता. लगेच ‘तरीही’ म्हणून विहिरी खाली गेल्याचं सांगता. वाचणारा थबकतो : पाणी वाचलं तर ते गेलं कुठे? त्याचं उत्तर न देता तुम्ही शासनाच्या दारात जाऊन उभे राहता. एकाला ते आकड्यांविना पोकळ वाटलं, दुसऱ्याला कोरडं, तिसरीला भरकटलेलं, पाचवीला घाईचं. चौथा त्यातल्या त्यात जवळ पोचला, कारण गाडी खरोखर ठिबकपाशीच अडली आहे.

आता तोच परिच्छेद असा करून बघा :

“ठिबक आलं आणि केळीच्या एका खोडाला लागणारं पाणी कमी झालं. पाच बाय पाच फुटांवर लावलेल्या बागेत एकरी साधारण १७४० खोडं बसतात, म्हणजे वाचलेलं पाणी थोडंथोडकं नव्हतं. पण ते विहिरीत राहिलं नाही. त्याच पाण्यावर शेजारचं कोरडवाहू वावर बागायती झालं आणि कपाशीच्या जागी केळीची मृगबाग उभी राहिली. एकराला पाणी कमी लागू लागलं, तसे एकर वाढले. मोटार पूर्वीइतकाच वेळ चालते, विहीर पूर्वीपेक्षा लवकर तळ गाठते.”

३२ शब्दांचे साठेक झाले, म्हणजे जवळपास दुप्पट. आकडा एकच आला, पण तो कामाला जुंपलेला आहे. भावना वेगळी ओतावी लागली नाही, तळाला गेलेली विहीर ती आणते. शासनाचं वाक्य गेलं. ते वाक्य उचलून रस्त्यांवरच्या, शाळांवरच्या किंवा एसटीवरच्या निबंधात ठेवा, कुठेही बसेल. कुठेही बसणारं वाक्य काढताना हात आखडू नये. एक पथ्य मात्र पाळा. वर लिहिलेलं तुमच्या गावात खरोखर असंच घडलं का, हे चार केळीवाल्यांना विचारल्याशिवाय लिहू नका. दहा वर्षांपूर्वी बोअरला किती फुटांवर पाणी लागायचं आणि आता किती, बाग तेव्हा किती एकर होती आणि आता किती, एवढं विचारलं तरी पुरे. उत्तर वेगळं आलं तर परिच्छेदही वेगळा होईल.

आता बाकीच्या निबंधासाठी. शेरे हातात आल्यावर त्या दिवशी फाइल उघडूच नका. राग उतरायला एक रात्र लागते, आणि कौतुक उतरायलाही. दुसऱ्या दिवशी वहीच्या पानावर तीन रकाने आखा : कोणता परिच्छेद, काय म्हटलं, आणि वाचताना नेमकं काय झालं असेल. पहिले दोन रकाने नुसते उतरवून काढायचे असतात. तिसरा भरताना डोकं खाजवावं लागतं, आणि खरी दुरुस्ती तिथेच होते. ‘कंटाळवाणं’ या शेऱ्यासमोर तिसऱ्या रकान्यात ‘तेच दुसऱ्या परिच्छेदात सांगून झालंय’ असं सापडू शकतं. मग तो परिच्छेद रंगतदार करत बसण्यात अर्थ नाही, तो उडवायला हवा.

रकाने भरून झाले की मोजा. पाचांपैकी तिघे एकाच जागी अडखळले असतील तर तिथे बदल करायचाच, तुम्हाला ती जागा कितीही प्रिय असो. एकच जण अडखळला असेल तर तो कोण आहे ते बघून ठरवा. याला अपवाद माहितीच्या चुकीचा. तिथे बहुमत चालत नाही. तुम्ही बहिणाबाईंचा जन्म जळगाव शहरातला लिहिलात आणि पाचांपैकी एकट्यानं ‘आसोदा’ म्हटलं, तर तो एकटाच बरोबर आहे. फैजपूरचं काँग्रेस अधिवेशन १९३७ सालचं लिहिलंत आणि चौघांच्या नजरेतून ते सुटलं, म्हणून ते १९३६ च्या डिसेंबरातून हलत नाही. असा एक जरी शेरा आला तरी पुस्तक उघडून खात्री करायची.

दुरुस्तीचा क्रम वरून खाली ठेवा. आधी निबंधाचं म्हणणं, मग परिच्छेदांचा क्रम, मग एकेक परिच्छेद, मग वाक्यं आणि सगळ्यात शेवटी ऱ्हस्व-दीर्घ. बहुतेक जण उलटे जातात, कारण वेलांटी दुरुस्त करणं सोपं असतं आणि काम झाल्यासारखं वाटतं. त्यात दोन तोटे आहेत. जो परिच्छेद उद्या उडणार त्यावर आज तासभर जातो. शिवाय इतका घासून-पुसून ठेवलेला परिच्छेद उद्या उडवायला मन धजत नाही.

परिच्छेदांचा क्रम तपासायला एक जुनी युक्ती आहे. प्रत्येक परिच्छेदासमोर समासात एका ओळीत लिहा, हा काय सांगतो. १२०० शब्दांत नऊ-दहा परिच्छेद असतील, म्हणजे नऊ-दहा ओळी. नुसत्या त्या ओळी वरून खाली वाचा. दोन ओळी सारख्या निघाल्या तर परिच्छेद जोडा. एखाद्याची ओळच लिहिता येत नसेल तर त्या परिच्छेदाला निबंधात काही काम नाही.

प्रश्न : मी ज्यांना ज्यांना लेख दाखवते ते सगळे ‘मस्त शे’ म्हणून परत देतात. एका मैत्रिणीनं तर अंगठा पाठवला. वाचला की नाही, देव जाणे. खरं मत काढून कसं घ्यावं?
*– एक वाचक, शिरपूर*

उत्तर : ताई, दोष निम्मा तुमच्या प्रश्नात आहे. ‘कसा वाटला?’ असं विचारलं की आपल्याकडे एकच उत्तर असतं. जेवायला बसवून ‘भाजी कशी झालीय?’ विचारल्यासारखं आहे ते. पाहुणा तिखट आहे म्हणेल का?

मत मागू नका, काम द्या. लेख छापून द्या, दोन ओळींत भरपूर जागा सोडून, आणि सोबत पेन्सिल. मग चार गोष्टी सांगा. एक : जिथे वाक्य दुसऱ्यांदा वाचावं लागलं तिथे समासात उभी रेघ. दोन : जिथे ‘हे कशावरून?’ असं वाटलं तिथे प्रश्नचिन्ह. तीन : जिथे वाचणं थांबवून मोबाइल हातात घेतला तिथे फुली. चार : वाचून झाल्यावर लेख पालथा ठेवून, मला काय म्हणायचंय ते एका वाक्यात लिही. दुरुस्ती सुचवू नकोस, हे आवर्जून बजावा. काहीही सुधारायचं नाही म्हटल्यावर वाचणाऱ्याचं दडपण जातं आणि रेघा मोकळेपणानं पडतात. रेघ मारण्यात कोणाचं मन दुखत नाही.

या चारांत चौथं सगळ्यात मोलाचं. ‘मस्त शे’ म्हणणाऱ्या मैत्रिणीनं लिहिलेलं वाक्य आणि तुमच्या मनातलं वाक्य यांची गाठ पडली नाही, तर तिनं न बोलता सगळं सांगितलं. समजा, तुम्हाला लिहायचं होतं की खान्देशातल्या कानबाई देवीच्या उत्सवामुळे विखुरलेली भावकी वर्षातून एकदा एका घरात येते. तिनं लिहिलं, ‘कानबाईचे रोट कसे करतात याची माहिती आहे.’ म्हणजे रोटांची कृती लेखावर चढून बसली आहे. ती निम्म्यानं कमी केली की भावकीला बसायला जागा होईल.

वेळ असेल तर आणखी एक करा. तिला लेख मोठ्यानं वाचायला सांगा आणि तुम्ही दुसरी प्रत घेऊन समोर बसा. १२०० शब्दांना दहा मिनिटं लागतात. जिथे तिचा श्वास पुरला नाही, जिथे तिनं शब्द गाळला किंवा न लिहिलेला शब्द मनानंच घातला, तिथे खूण करा. गाळलेला शब्द बहुतेक वेळा नकोच असतो. मध्ये बोलू नका. ‘म्हणजे मला असं म्हणायचं होतं...’ हे वाक्य ओठांवर आलं की ते बोलण्याऐवजी कागदावर उतरवा. लेखात तेच राहून गेलेलं असतं.

वाचणारे तिघे पुरतात. एक विषय जाणणारा, एक विषयाशी काडीचा संबंध नसलेला आणि एक स्वभावानं खडूस. सहा-सात जणांना दिलंत तर शेरे वाढत नाहीत, तेच ते परत येतात.

प्रश्न : आखाजीवर लेख लिहिला. पुण्याच्या मित्रानं ‘आखाजी’, ‘वावर’, ‘कळण्याची भाकरी’, ‘निंब’ हे सगळे शब्द खोडून ‘अक्षय्य तृतीया’, ‘शेत’, ‘भाकरी’, ‘कडुलिंब’ केलं. इथल्या मित्रांना मूळचंच आवडलं. दोन्हीकडचे जवळचे आहेत.
*– एक वाचक, अमळनेर*

उत्तर : चारही शब्दांना एकच न्याय लावू नका. ‘वावर’ खान्देशाबाहेर, विदर्भात आणि मराठवाड्यातही चालतं. पुण्यातल्या वाचकालाही वाक्यावरून कळतं. राहू द्या. ‘निंब’ही तसाच. ‘कळण्याची भाकरी’ची नुसती ‘भाकरी’ केली की पदार्थच बदलला, कारण ज्वारीसोबत उडीद दळल्याशिवाय कळणा होत नाही. ही दुरुस्ती म्हणजे माहितीची चूक आहे, ती साफ नाकारा. ‘आखाजी’चं तर दुसरं नावच होत नाही. पंचांगातली तिथी तीच असली तरी सोनं घ्यायची अक्षय्य तृतीया आणि झोक्यांची आखाजी हे दोन वेगळे सण आहेत.

तरीही तुमचा पुण्याचा मित्र अडखळला हे खरंच आहे. त्याचा उपाय चुकला, तक्रार चुकली नाही. कंसात अर्थ देऊ नका, तळटीपही नको, दोन्हींनी वाचणाऱ्याला ठेच लागते. शब्दाच्या शेजारी असं काही ठेवा की अर्थ आपोआप उघडेल. तुमचं वाक्य होतं, “आखाजीला गावात झोके बांधतात.” ते असं होऊ शकतं : “आखाजी तोंडावर आली की भाऊ मुराळी होऊन बहिणींना आणायला निघतात. सणाला गावातल्या प्रत्येक निंबाला झोका असतो आणि प्रत्येक झोक्यावर सासरची गाऱ्हाणी गाणाऱ्या माहेरवाशिणी.” आता ‘आखाजी’ कोणाला समजावून सांगावी लागत नाही.

एक जागा मात्र इथल्या मित्रांना दिसणार नाही. बोलण्यातले शब्द निवेदनात नकळत आले आहेत का, हे त्यांना कळत नाही, कारण तेही तसंच बोलतात. तुम्ही दुसऱ्या पानावर ‘आईनी सांगं’ लिहिलंय. आईच्या तोंडचं वाक्य अवतरणात अहिराणीत हवंच. पण ‘सांगं’ हे निवेदकाचं क्रियापद आहे. संपूर्ण लेख अहिराणीत लिहायचा असेल तर खुशाल लिहा, तो वेगळा आणि चांगला निर्णय होईल. एका वाक्यापुरती बोली आली की ती निसटल्यासारखी दिसते.

प्रश्न : नववीच्या वर्गाला मराठी शिकवते. ३८ मुलं. निबंधाच्या वह्या एकमेकांना तपासायला दिल्या तर लाल पेननं शुद्धलेखनाच्या चुका काढतात, दोघं भांडतात, एखादी मुलगी रडते, आणि निबंध होता तिथेच राहतो. तास ३५ मिनिटांचा आहे. बरीच मुलं घरी भिली, पावरी किंवा अहिराणी बोलतात.
*– शिक्षिका, नंदुरबार जिल्हा*

उत्तर : मॅडम, लाल पेन आधी गोळा करा. लाल पेन हातात आलं की मूल शिक्षक होतं, आणि ते ज्या शिक्षकाची नक्कल करतं तो सहसा कडकच असतो.

जोड्या लावू नका. जोडीत एकतर ‘तू मला छान म्हण, मी तुला छान म्हणतो’ होतं, नाहीतर भांडण. तिघांचा गट बरा. ३८ मुलांचे दहा गट तिघांचे आणि दोन गट चौघांचे होतील. निबंध १५० ते २०० शब्दांचाच द्या, त्याहून मोठा या वेळात मावत नाही.

पहिल्या तासात लिहिणारा स्वतःचा निबंध गटात दोनदा वाचतो. पहिल्या वाचनाला ऐकणाऱ्यांच्या हातात काहीच नाही. दुसऱ्या वाचनाला हातात पेन्सिल आणि कागदाचा कपटा. जे डोळ्यांपुढे उभं राहिलं त्यातला एक शब्द टिपायचा आणि जे कळलं नाही त्याबद्दल एक प्रश्न लिहायचा. प्रश्नच हवा, सूचना नको. ‘पाऊस नीट लिही’ ही सूचना झाली. ‘पाऊस आला तेव्हा तुम्ही शाळेत होते की रस्त्यावर?’ हा प्रश्न, आणि त्याचं उत्तर लिहिलं की निबंध आपोआप सुधारतो. प्रत्येकाला आठ मिनिटं धरली तर तिघांची २४ होतात, बाकी बसण्या-उठण्यात जातात. चौघांच्या गटात वाचन एकदाच ठेवा, नाहीतर चौथ्याची पाळी घंटेत बुडते. नेहमी एकच मूल चौथं राहणार नाही, हेही बघा.

गटात बोलणं घरच्या भाषेत होऊ द्या. ‘मराठीत बोला’ म्हटलं की निम्मा वर्ग गप्प बसतो आणि तुम्हाला वाटतं, यांच्याकडे प्रश्नच नाहीत. कपट्यावरचा प्रश्न मराठीत लिहिला म्हणजे झालं.

दुसरा तास फक्त लिहिणाऱ्याचा. आलेल्या प्रश्नांपैकी एक निवडायचा, त्याचं उत्तर निबंधात घालायचं, आणि न घेतलेल्या एका प्रश्नासमोर का घेतला नाही ते अर्ध्या ओळीत लिहायचं. ही अर्धी ओळ सोडू नका. तिच्यामुळे ‘मित्र म्हणाला म्हणून बदललं’ हे थांबतं आणि नाकारायचाही हक्क आहे हे मुलांना कळतं. गुण द्यायचे तर पहिल्या आणि दुसऱ्या खर्ड्यातल्या फरकाला द्या. दोन्ही खर्डे वहीत समोरासमोरच्या पानांवर असू द्या, तपासायला सोपं पडतं.

शुद्धलेखनाला तिसरा दिवस, आणि एका दिवशी एकच नियम. उदाहरणार्थ, मराठी शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ : पाटी, विळी, गहू, लाडू. ‘आणि’ आणि ‘नि’ हे अपवाद फळ्यावर लिहून ठेवा. सगळे नियम एकदम काढले की मुलं पुन्हा लाल पेन शोधू लागतात.

इथे एक खाच आहे. ज्या चुका सगळ्या गटाच्या एकसारख्या असतात त्या गटाला दिसत नाहीत. अहिराणी बोलणाऱ्या घरात ‘ळ’चा ‘य’ होतो, ‘डोळा’ हा ‘डोया’ असतो. वहीत ‘डोया’ लिहिलं तर शेजारच्या मुलालाही ते बरोबरच वाटतं. अशा सात-आठ शब्दांची यादी तुम्हीच फळ्यावर मांडा : घरचा शब्द एका बाजूला, पुस्तकातला दुसऱ्या. चूक असा शिक्का न मारता दोन रकाने ठेवले की मुलं स्वतःहून यादी वाढवतात.

अजून एक बिघाड दोन-तीन आठवड्यांनी दिसेल. वर्गातल्या हुशार मुलाची वाक्यं सगळ्यांच्या वह्यांत दिसू लागतील. वाक्य द्यायचं नाही, प्रश्नच द्यायचा, हा नियम तेव्हा पुन्हा सांगावा लागतो.

प्रश्न : आमच्या अभ्यासिकेत आम्ही सहा जण यूपीएससीच्या निबंधाची तयारी मराठीतून करतो. एकमेकांचे पेपर वाचतो. पण परीक्षेत दुरुस्ती करायला वेळच नसतो, मग मित्रांचे शेरे घेऊन तोच निबंध परत लिहिण्यात काय हशील? आणि परत लिहिला की १२०० चे १६५० शब्द होतात.
*– परीक्षार्थी, धुळे*

उत्तर : तीन तासांत दोन निबंध, प्रत्येकी १२५ गुण, १००० ते १२०० शब्द. म्हणजे एकाला दीड तास. त्यात खर्डा फाडून नवा लिहिणं शक्य नाही, तुमचं खरं आहे. म्हणून संपूर्ण निबंध परत लिहू नका. फक्त पहिला परिच्छेद, शेवटचा परिच्छेद आणि सगळ्यात जास्त खुणा पडलेला मधला एक, एवढेच तीन परत लिहा. आणि प्रत्येक शेऱ्यातून पुढच्या निबंधासाठी एक ओळ वहीत टाका. आठ निबंधांनंतर त्या वहीत दोन-तीन ओळी पुन्हा पुन्हा आलेल्या दिसतील : ‘दुसरी बाजू शेवटी घाईत कोंबतो’, ‘प्रस्तावना २०० शब्दांची होते’. परीक्षेत आराखडा काढायच्या पहिल्या दहा मिनिटांत तेवढ्याच डोळ्यांपुढे ठेवायच्या.

शब्द वाढतात, कारण मित्र ‘घाल’ म्हणतात, ‘काढ’ क्वचितच म्हणतात. दुसऱ्याचं काढायला संकोच वाटतो. म्हणून सहाही जणांवर बंधन घाला : एक गोष्ट घालायला सांगितली की काय काढायचं तेही सांगायचं. बाकी काटछाट तुमची तुम्ही करा. पहिला परिच्छेद झाकून दुसऱ्यापासून वाचा. बरेच निबंध खरे तिथूनच सुरू होतात. थोरांची वचनं एकाहून जास्त असतील तर एक ठेवा. मग सरकारी कागदातून आलेली क्रियापदं धरा. “या ठिकाणी पाण्याची बचत करण्याच्या दृष्टीने प्रयत्न करण्यात येत असल्याचे दिसून येते” हे १२ शब्द. “इथे पाणी वाचवायची धडपड चालू आहे” हे सहा. अशी वीस वाक्यं सापडली तर शंभरावर शब्द वाचतात आणि मुद्दा एकही जात नाही.

प्रश्न : लेख व्हॉट्सॲपवर पाठवला तर मित्राला नुसती चित्रविचित्र अक्षरं दिसली. दुसऱ्यानं गूगल डॉक्समध्ये थेट माझंच वाक्य बदललं, मूळचं काय होतं ते आता आठवत नाही.
*– एक वाचक, भुसावळ*

उत्तर : पहिली अडचण फाँटची. डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतलेला मजकूर बहुधा जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये असतो. तो फाँट समोरच्याकडे नसला की अक्षरांच्या जागी चिन्हं उमटतात. त्याच्याकडून युनिकोडमध्ये मागा, किंवा फक्त वाचायलाच द्यायचा असेल तर पीडीएफ पाठवा. दुसरी अडचण सोपी आहे. डॉक्स शेअर करताना ‘एडिटर’ऐवजी ‘कमेंटर’ निवडा. मग मित्राला सुचवता येतं, बदलता येत नाही. पुसलेलं वाक्य फाइल मेनूतल्या ‘व्हर्जन हिस्टरी’त जुनी तारीख उघडली की मिळेल. यापुढे शेरे मागवण्याआधी एक प्रत काढून तिच्या नावात तारीख घाला. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘एकदम फायनल’ अशी नावं देऊ नका, आठवड्यानं त्यातलं शेवटचं कोणतं ते तुम्हालाही सांगता येणार नाही.

प्रश्न : स्पर्धेच्या अर्जावर ‘निबंध स्वलिखित आहे’ अशी सही करायची आहे. मोठ्या भावानं एक परिच्छेद पूर्ण नव्यानं लिहून दिला आणि तो माझ्यापेक्षा चांगला आहे. ठेवू का?
*– बारावीची विद्यार्थिनी, पाचोरा*

उत्तर : ठेवू नका. दादानं दाखवलेली चूक घेतली, सुचवलेला एखादा शब्द घेतला, परिच्छेद वर-खाली केले, तरी निबंध तुमचाच राहतो. पूर्ण परिच्छेद त्याचा असेल तर सही खोटी ठरते. मोबाइलमधल्या एआयनं लिहून दिलेल्या परिच्छेदालाही हेच लागू. शिवाय शेजारच्या परिच्छेदांच्या मानानं तो वेगळा पडतो आणि परीक्षकाला शिवण दिसते.

दादाचा परिच्छेद फुकट घालवू नका मात्र. तो एकदा वाचा, त्यात तुमच्यापेक्षा काय चांगलं आहे ते चार शब्दांत टिपा, जसं ‘आधी प्रसंग, मग मत’. मग कागद दादाला परत देऊन टाका. दुसऱ्या दिवशी ती टिपण समोर ठेवून आपला परिच्छेद आपल्या शब्दांत लिहा. लिहिताना त्याचं एखादं वाक्य जसंच्या तसं आठवलं तर ते मोडून वेगळं करा.